निवडायची मी, आणायची तुम्ही

अहो,

येत्या रविवारी तुमचा वाढदिवस. तुम्ही नसलात तरी तो यायचा थांबणार नाही, हे परवा कॅलेंडरचं पान उलटताना लक्षात आलं. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरं लक्षात आलं. वाढदिवसाला आपण वाइन उघडतो, आणि ती आणायची तुम्ही. त्या दुकानात मी कधी पाऊल टाकलेलं नव्हतं. मग आता आणायची कुणी?

तुम्हाला हसू येत असेल. माणूस जाऊन दीड महिना झाला नाही आणि बाईला बाटलीची काळजी. पण रडणं काही मी टाळलेलं नाही. चांगलं पोटभर रडून झालंय आणि पुढेही रडेन. तुम्ही दुपारी जेवून आडवे झालात ते उठलाच नाहीत, चहा ठेवू का म्हणून विचारायला आले तर उत्तर नाही. त्यावर आणखी काय लिहू? ते तर सगळ्यांनाच ठाऊक. वाइनचं मात्र फक्त मला आणि तुम्हालाच ठाऊक होतं, म्हणून तुम्हालाच लिहिते.

दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही. अमोल पुण्याहून दर दोन दिवसांनी फोन करतो, ‘आई, काही हवंय का, मागवून देतो.’ पोराला काय सांगू? त्याला अजून वाटतं, फ्रिजच्या दारात कधीमधी दिसणारी ती अर्धी बाटली व्हिनेगरची असते. मीच तसं सांगून ठेवलंय. सूनबाईनं एकदा तिच्यातलं कांद्यावर घालून पाहिलं होतं, आठवतं? तुम्ही पोट धरून बाहेरच्या खोलीत पळालात आणि मला एकटीला तिथं उभं ठेवलंत.

तसं पाहिलं तर सुरुवात व्हिनेगरनंच झाली. चितेगावच्या कंपनीत तुम्ही स्टोअर सांभाळत होतात, तेव्हा एका दिवाळीला मोठ्या साहेबांनी सुक्या मेव्याच्या डब्याऐवजी वाइनची बाटली दिली. तुम्ही ती फडक्यात गुंडाळून आणलीत, जणू कुणाचं तान्हं बाळ. म्हणालात, ‘वाइन जितकी जुनी तितकी भारी. ठिवून द्यायची.’ आणि ठेवलीत कुठं, तर माळ्यावर, पत्र्याच्या खाली! आपल्या गावचे दोन उन्हाळे तिनं त्या पत्र्याखाली काढले. तिथं ठेवलेलं मेण वितळून पाणी होतं, आणि तुम्ही खाली बसून म्हणताय, ‘मुरतीय.’

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला ती खाली उतरली. बूच काढायचं यंत्र घरात नव्हतं. तुम्ही पेचकसानं बुचात स्क्रू पिळलात आणि पक्कड लावून ओढलात. मी बाटली मांडीत घट्ट धरून बसले होते. फट्‌ झालं, आणि मला बाटलीच्या तोंडाशीच कळलं.

‘आंबलीय,’ मी म्हणाले.

‘वाइन आंबटच असती.’

‘आंबट वेगळं आणि आंबलेलं वेगळं. शहागंजात माझ्या वडिलांची फळांची अडत होती. तुम्ही मला शिकवू नका.’

तुम्ही शिकवलंतच. ग्लासभर वाइन डोळे मिटून, हट्टानं, शेवटच्या थेंबापर्यंत संपवलीत, वर ‘लई भारी’ म्हणालात, आणि दुसऱ्या दिवशी ताकभातावर होतात. तुमच्या सोयगावची माणसं हट्टी असतात हे मला सासूबाईंनी लग्नातच सांगितलं होतं. त्यांनी ते कौतुकानं सांगितलं होतं, एवढाच फरक.

माझ्या नाकाची मात्र तुम्ही त्या दिवसापासून दखल घेतलीत. ते नाक मला वडिलांच्या अडतीवर मिळालं. फ्रॉकच्या वयात मी आंब्याच्या पेट्यांमधून हिंडायची आणि कुठल्या पेटीत एक फळ नासलंय ते बाहेरून सांगायची. वडील गिऱ्हाइकासमोर मला गप्प बसवायचे, आणि गिऱ्हाईक गेलं की तीच पेटी पुन्हा हुंगायला लावायचे. पुढं मास्तरीण झाल्यावर सदतीस पोरींच्या वर्गात कुणाच्या डब्यात काय आहे ते सांगण्यापलीकडे त्या नाकाचा कुणाला उपयोग झाला नाही. तुम्हाला झाला. दूध नासायच्या आधी कळतं, तर वाइनचंही कळेल, असं तुमचं साधं गणित. माझं नाक हा एक गुण आहे, असं मला सांगणारे तुम्ही पहिले.

दुसरी बाटली तुम्ही स्वतः विकत आणलीत. लाल, जाड, गोड. ‘दुकानदार म्हनला, लेडीज लोकांला ही आवडती.’ मी एक घोट घेतला आणि म्हणाले, ‘हे खोकल्याचं औषध आहे. झोपताना दोन चमचे द्या.’ तुमचा चेहरा पडला. मग मला वाईट वाटलं आणि मी आणखी एक घोट घेतला, तर आणखी वाईट वाटलं.

आणि मग तिसरी. तिच्याबद्दल काय लिहावं! तुम्ही असतात तर आत्ता वाद घालायला उभे राहिला असतात.

मे महिना. फ्रिज बिघडलेला, कारागीर उद्या येतो म्हणून तीन दिवस न आलेला. तुम्ही पांढरी वाइन घेऊन आलात आणि ती गार कशी करायची या विचारात घरभर फिरलात. माठात बुडवू दिली नाही मी, पिण्याचं पाणी होतं. मग तुमची नजर गेली कूलरवर. बाहेर चव्वेचाळीस डिग्री, कूलरच्या टाकीत वाळ्याखालचं पाणी थंडगार. तुम्ही मागची जाळी काढून बाटली टाकीत आडवी निजवलीत आणि कंपनीत शोध लावल्यासारखे हात झटकत आलात. मी म्हटलं, ‘शाब्बास.’ तेव्हा मलाही अक्कल सुचली नाही.

तासाभरानं कूलरमधून गरम वारा यायला लागला. पंखा चालू, पाणी बंद. तुम्ही उघडून पाहिलंत तर बाटलीचं लेबल सुटून, विरघळून, त्याचा लगदा पंपाच्या जाळीत जाऊन बसलेला. नागडी हिरवी बाटली हातात धरून तुम्ही उभे होतात, मनगटावरून पाणी ओघळत होतं, आणि दोघंही घामानं निथळत होतो. उघडली. सरबताच्या, फुलं छापलेल्या ग्लासांत ओतली. आणि अहो, काय होती ती! मोसंबीचं साल नखानं सोलताना जो फवारा उडतो तो वास, आणि मागून कच्च्या पेरूचा. तुरट नाही, गोड नाही, जिभेला स्वच्छ करून गेली. मी ग्लास पुढं केला. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होतात. ‘जमली?’ विचारलंत. मी म्हणाले, ‘हीच. आता हीच आणायची.’

‘कुठली?’ तुम्ही म्हणालात.

आपण दोघांनी एकमेकांकडे बघितलं. नाव कुणालाच आठवत नव्हतं. तुम्ही पंपाच्या जाळीतला लगदा ताटलीत काढून वाळत घातलात. त्यातून एक द्राक्षाचं पान निघालं आणि अर्धा ‘स’. एवढ्यावर तुम्ही रिकामी बाटली पिशवीत घालून दुकानात गेलात. दुकानदारानं सांगितलं म्हणे, या बाटलीत निम्मा नाशिक जिल्हा विकला जातो.

ती आपल्याला पुन्हा सापडली नाही. तुमचं म्हणणं, सापडली होती, दोन वर्षांनी, तीच ती, मीच ओळखली नाही. माझं म्हणणं, ती तिची चुलत बहीण होती. हा वाद तुम्ही हॉस्पिटलमध्ये मोतीबिंदूच्या वेळी डोळ्यावर पट्टी बांधलेल्या अवस्थेतही घातला होतात. मी अजून माझ्या म्हणण्यावर ठाम आहे, कळवून ठेवते.

पण ती शोधण्याच्या नादात आपण शिकलो, हे खरं. वर्षातून चार-पाच बाटल्या पिणारी माणसं आपण, आपल्याला कुणी शिकवणार नव्हतं आणि आपण महाग घेणार नव्हतो. पहिल्या बाटलीनं शिकवलं की आपल्या ऐपतीची वाइन मुरवायची नसते, लोणच्यासारखी नसते ती, उलट ताजी असेल तितकी बरी. मग मी तुम्हाला बजावलं, लेबलावरचं साल बघा, गेल्या वर्षाची असेल तर आणा. तिसरीनं शिकवलं, पांढरी गारच प्यावी. आणि पत्र्याखालच्या माळ्यानं शिकवलं, कोणत्याही रंगाची असो, उन्हात उभी असेल तर हात लावू नका. तुमच्या त्या दुकानाच्या काचेत दिमाखात मांडलेल्या बाटल्या दुपारभर पश्चिमेच्या उन्हात भाजत असतात, हे मला रस्त्याच्या पलीकडूनसुद्धा दिसायचं. मी म्हणायची, ‘आतल्या फळीवरची मागा. अंधारातली.’ बुचाचा हट्ट तुम्ही बरीच वर्षं सोडला नाहीत. ‘पिळायचं झाकण म्हंजे काय, सॉसची बाटली हाय का?’ पण एकदा बुचाचा भुगा गाळण्यानं गाळून प्यायलात आणि मग पिळायचं झाकण गोड लागलं. आणि लाल वाइनच्या लेबलवर ‘खोलीच्या तपमानाला प्यावी’ असं लिहिलेलं तुम्ही मोठ्यानं वाचून दाखवलंत, तेव्हा मी विचारलं, कुणाच्या खोलीच्या? आपल्या खोलीत मे महिन्यात चहा उकळतो. त्या दिवसापासून लालही अर्धा तास फ्रिजमध्ये जाऊ लागली.

खाण्याचा घोळ तर तुम्हीच घातलात. लाल वाइन आणि काळ्या मसाल्याचं वांगं! दोन भांडकुदळ जावा एका चुलीवर. तोंडात आग झाली आणि वाइन कडू झाली. पांढरी मात्र आपल्या जेवणाशी गुण्यागोविंदानं नांदली. ज्वारीची भाकरी, भरीत, वर कच्चा कांदा, आणि घोटभर गार पांढरी. हे कुठं लिहून ठेवलेलं नसावं. बिडकीनला तुमच्या मित्राच्या शेतात हुरड्याला गेलो होतो तेव्हा तर तुम्ही बाटली विहिरीत सोडली होतीत, बादलीत घालून, दोरानं. या वेळी लेबलवर सेलोटेप गुंडाळून. मला स्टीलच्या पेल्यात दिलीत, बघणाऱ्याला पाणी वाटावं म्हणून. गरम हुरडा, लसणाची चटणी, खडीसाखर, आणि माझा तो पेला. मित्राच्या बायकोनं थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, ‘वैनी, पानी लईच दमानं पिता हो तुम्ही.’ तुम्ही दुसरीकडे तोंड करून खोकत राहिलात. मी त्या बाईला म्हणाले, ‘दातांना लागतं हो गार.’

बघा, हे असं होतं. सगळं होतं, पण लपून. आणि लपवायची मीच. तुमची तर तयारी होती. तुम्ही म्हणायचात, ‘आपन काय चोरी करतो व्हय? कमवून पितो. घोटभर.’ पण मी मुलींच्या शाळेत मास्तरीण. गल्लीतल्या निम्म्या सुना माझ्या हाताखालून गेलेल्या. सत्यनारायणाला, हळदीकुंकवाला मला पहिल्या पाटावर बसवतात. माझ्या तोंडाला कधी लवंग, कधी वेलदोडा असायचा ते उगाच नाही. तुम्ही शपथ घेतली होतीत, माझ्या डोक्यावर हात ठेवून, की दुकानात माझं नाव निघणार नाही. ‘मग काय सांगू?’ तुम्ही विचारलंत. ‘सांगा, पाहुणे आलेत. सांगा, साहेबांना द्यायचीय.’

तर आपली रीत अशी पडली. स्कूटर दुकानापासून लांब लावायची. तुम्ही रस्ता ओलांडून दुकानात. मी समोर मेडिकलच्या पायरीपाशी, पदर डोक्यावरून घेतलेला, हातात काहीतरी औषधाची चिठ्ठी. निवड घरीच पक्की झालेली असायची: पांढरी, गेल्या सालची, पिळायच्या झाकणाची, अंधारातली, पाचशेच्या आत, आणि नावात मध, गुलाब, प्रेम असलं काही नको. दुकानात काही अडलं तर तुम्ही काचेआडून माझ्याकडे बघायचात. मी मान हलवायची, हो किंवा नाही. लांबून बाटल्या काय दिसणार मला! पण तुम्ही हात वर करून दाखवायचात आणि मी आपली मान हलवायची, लग्नाच्या साड्या निवडताना हलवावी तशी.

दर वेळी घरून निघताना तुमचं एकच टुमणं. ‘तूच चल ना आत. तुला बघूनच कळंल. मी काय, दिसंल ती उचलतो.’ आणि दर वेळी माझं एकच उत्तर. शेवटच्या वेळी तर रस्त्यावर जुंपली आपली. तुम्ही आत गेलात ते पाऊण तास बाहेर नाही. मी उन्हात उभी. एक जुनी विद्यार्थिनी भेटली, मुलाचा हात धरून, ‘बाई, इथं कशा?’ मी तिला खोकल्याचं औषध सांगितलं. तुम्ही आलात ते हसत हसत. मी म्हणाले, ‘आत काय कीर्तन होतं?’ तुम्ही म्हणालात, ‘व्हय, जरा गप्पा झाल्या.’ स्कूटरवर मी तोंड फिरवून बसले. ‘एक डाव आत चल, मग कळंल तुला,’ असं काहीतरी मागे वळून तुम्ही म्हणालात. वाऱ्यात नीट ऐकू आलं नाही, आणि मला ऐकायचंही नव्हतं.

खरं सांगू? तुमची आठवण येते ती या भांडणांसाठीच येते. माझ्या माहेरी बायकांना विचारायची पद्धत नव्हती, काय आवडतं म्हणून. अडतीवर माझं नाक चालायचं पण मत चालायचं नाही. तुम्ही एक ग्लास माझ्यासमोर ठेवलात आणि विचारलंत, ‘जमली?’ आणि मी नाही म्हणाले तर ती बाटली खरंच पुन्हा आणली नाहीत. एवढंच. इतक्या वर्षांत तुम्ही मला सोनंनाणं काही फार केलं नाहीत, केलं असतंत तर मी कपाटात ठेवलं असतं. पण माझ्या ‘नाही’ला तुम्ही मान दिलात. तो मला रोज वापरता आला. हे तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवायचं असतं असं वाटलंच नाही.

तर मग आजचं सांगते.

कॅलेंडर बघितल्यावर दोन दिवस मी स्वतःची समजूत घातली. म्हटलं, या वर्षी नको. लोक काय म्हणतील, अजून वर्षश्राद्ध नाही. मग म्हटलं, लोकांना कळणारच नाहीये तर म्हणतील काय? मग म्हटलं, सरबत करू. लिंबू पिळलंसुद्धा. ग्लास तोंडाला लावला आणि इतकी चिडले स्वतःवर, की तशीच उठले. आपल्या दोघांची म्हणून जी एक गोष्ट होती, ती मी लिंबाच्या पाण्यावर भागवणार होते. उद्या रिक्षाचीही भीती वाटेल, परवा बँकेची. मग अमोल येईल आणि पुण्याला नेऊन ठेवेल आणि मी तिथं बाल्कनीत बसून तांदूळ निवडेन. नाही. रविवारी वाढदिवस आहे, बाटली येणार आणि मीच आणणार.

दुपारी तीनची वेळ धरली. गिऱ्हाईक कमी असेल म्हणून. रिक्षावाल्याला मेडिकलपाशी सोडायला सांगितलं, सवयीनं. पायरीपाशी उभी राहिले, तीही सवयीनं. समोर दुकान. काचेत तुम्ही नव्हतात. तिथं उभं राहून काय करणार होते मी? कुणाकडे बघून मान हलवणार होते? पदर डोक्यावरून घ्यायला हात गेला आणि मी तो खाली घेतला. रस्ता ओलांडला.

आत बाई म्हणून मी एकटीच. थंड, अंधारं, पुठ्ठ्यांचा वास. गल्ल्यावरचा माणूस, तुमचे ते शेठ, चष्मा कपाळावर चढवून हिशेब करत होते. त्यांनी वर बघितलं, आणि अहो, ते उठून उभे राहिले.

‘आइये, मास्तरीणबाई,’ म्हणाले. ‘आज अंदर आये आप.’

मग म्हणाले, ‘साबका मालूम हुआ. बहोत बुरा लगा. आदमी नहीं, हीरा था.’

मी विचारलं, ‘तुम्ही मला ओळखता कसे?’

‘क्या बोलते बाई! पंदरा-बीस सालसे उधर खड़े रहते ना आप, मेडिकलपे. साब यहांसे दिखाते थे हर गिऱ्हाइककू. वो देखो, हमारी मास्तरीण. नाक उनकी, अकल उनकी, मैं तो खाली हमाल हूं, बोलते थे.’

शपथ घेतली होतीत तुम्ही! माझ्या डोक्यावर हात ठेवून! मी तिथं पदराआड लपून उभी, जुन्या विद्यार्थिनींना खोकल्याची औषधं सांगतेय, आणि तुम्ही काचेतून बोट दाखवून अख्ख्या शहराला माझी ओळख करून देताय. हात वर करून बाटली दाखवायचात ती मला नव्हेच, मी मान हलवते हे त्यांना दाखवायला! मी इतकी संतापले की हसायला लागले, आणि हसता हसता तिथंच, बिअरच्या क्रेटवर बसून, रडले. शेठनी पाण्याची बाटली पुढं केली. मग त्यांनी मला फळी दाखवली. मागची, अंधारातली. ‘ये पूरी आपकी फळी है. मोसंबीवाली, पेरूवाली, जांभूळवाली. नाम कौन पढ़ता? लोगां आके यहीच मांगते.’ शेठ सांगत होते, दर बाटलीचा माझा निकाल तुम्ही त्यांना येऊन ऐकवायचात, आणि मी नापास केलेली ते पुन्हा मागवायचे नाहीत. पाऊण तास आत काय चाललं होतं ते कळलं मला. मी तर म्हणाले होते, कीर्तन. कीर्तनच होतं, माझंच.

मी निवडायला लागले. पहिल्यांदा स्वतःच्या हातानं. एक घेतली, साल बघितलं, ठेवली. दुसरी उजेडाकडे धरली. कसली घाई नव्हती, कुणी काचेआडून हात हलवत नव्हतं. फळीसमोर उभं राहून मला कळलं, तुम्ही इतका वेळ का लावायचात. मजा असते त्यात. तुम्ही सांगितलं होतंत, मीच ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात एक गृहस्थ आले. पन्नाशीचे, कंपनीचा निळा शर्ट, टिफिनची पिशवी खांद्याला. शेठशी अगदी हळू आवाजात बोलत होते. बायकोसाठी पाहिजे, पहिल्यांदाच, भारीतली नको पण चांगली पाहिजे, तिला कडू चालत नाही. शेठनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि म्हणाले, ‘मेरेकू क्या पूछते? वो खड़ी हैं ना, उनकू पूछो.’

ते बिचारे माझ्याकडे बघून ओशाळले. सुती साडी, पांढरे केस, हातात कापडी पिशवी. मी त्यांना हातातली बाटली दिली. सांगितलं, ही न्या. गोड नाही, पण कडूही नाही. फ्रिजमध्ये नीट गार करा, कूलरच्या टाकीत टाकू नका. भाकरी-भरीत असेल तर उत्तम. त्यांना आवडली नाही तर वाद घालू नका, दुसरी आणा.

त्यांनी बाटली दोन्ही हातांत धरली. एकदा शेठकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. विचारू की नको करत शेवटी विचारलंच.

‘वैनी, राग मानू नका. पन तुम्ही सोता घेता का हो?’

दुकानात आता आणखी दोघं-तिघं आले होते. सगळे ऐकत होते.

‘घेतो की,’ मी म्हणाले, चांगल्या मोठ्या आवाजात, वर्गात बोलायची तशा. ‘मी आणि आमचे हे. दोघंही घेतो.’